रेषा उगवेपर्यंत

महिनाअखेरचा शनिवार मोकळा मिळाला, म्हणून टी. नरसीपूरच्या संगमावर स्नानाला जायचं ठरवलं. म्हैसूरहून तासाभराचा चांगला रस्ता, बसही मिळते. मी आणि ऑफिसातले श्रीपादराव स्कूटरवर निघालो. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. मराठी निम्मी कन्नड. वाटेत इडली-कॉफी झाली, दोघांची मिळून शंभराच्या आत.

संगमावर गर्दी नव्हती. पायऱ्या निसरड्या आहेत, जपून उतरा. परतताना सावलीसाठी आतला रस्ता धरला आणि एका गावात स्कूटर आपोआप हळू झाली. भर दुपारी ओट्यांवर बायका ओळीनं बसलेल्या, तळहात वर करून मांडीवर ठेवलेले, तेलानं चकाकणारे. कुणी बोलत नव्हतं. हवेत चंदनाचा वास, पण धूर कुठेच नाही.

एखादं व्रत असेल म्हणून मी उतरून हात जोडले.

"अय्यो, व्रत-बित नव्हे हो! रेशनसाठी बसल्यात," श्रीपादराव म्हणाले.

कडेची म्हातारी, जयम्मा, हसली. "असू दे स्वामी. या हातांना कोण नमस्कार करतंय?"

उदबत्त्या वळून वळून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या होत्या, आणि रेशनच्या मशीनला ठसा हवा. म्हणून दर महिन्याला चार-पाच दिवस काम बंद. खोबरेल लावून बसायचं, रेषा उगवेपर्यंत. तेवढे दिवस मजुरी नाही. ठशाऐवजी फोनवर नंबर मागवता येतो म्हणे. पण फोन मुलाबरोबर बंगळूरला गेलेला. तांदूळ न्यायचा आज शेवटचा दिवस होता.

आम्ही तिच्याबरोबर दुकानात गेलो. हात पुसून तिनं अंगठा टेकवला. लाल दिवा. मग एकेक करून दहाही बोटं.

"या बोटांमागे कुणी नाही म्हणतंय, अम्मा," दुकानदार पडद्याकडे बघत म्हणाला.

"मी उभी आहे की रे!"

"मला दिसतेस. त्याला नाही."

रिकाम्या पिशवीची घडी करत ती परतली आणि फळी ओढून भराभर उदबत्त्या वळू लागली.

"अक्का, आजचा दिवस तरी हात राहू दे," श्रीपादराव म्हणाले.

"आता कशासाठी?"

आळस हेच गरिबीचं मूळ, असं लहानपणी आमच्या गावच्या शाळेत फळ्यावर लिहिलेलं असे. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं होतं.

संध्याकाळी देवापुढे बसलो. पुड्यातली एक उदबत्ती समईच्या उजेडात फिरवून पाहिली. अगदी गुळगुळीत. ती कुणी वळली असेल, असं वाटतच नव्हतं.

त्या दिवशी लावली नाही. दुसऱ्या दिवशी लावली.