काकांचा हुंकार

दोन हजार पाचच्या आसपास, नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात, लोकांच्या मेंदूतलं रक्त ऐकणं हे माझं काम होतं. पेशंटच्या डोक्याला पट्टा बांधून अल्ट्रासाउंडचा प्रोब कानशिलावर टेकवायचा आणि हेडफोन लावून तासभर बसायचं. रक्त आपलं सूं-सूं वाहत असतं. मध्येच गुठळीचा एखादा बारीक कण गेला, की चिवकन शिट्टी वाजते. कण मशीनही मोजायचं, पण माझा भरवसा माझ्या कानांवर. त्यांची मला चांगलीच घमेंड होती.

एकदा एक मराठी काका-काकू आले. आठवड्यापूर्वी सकाळी काकू नेहमीसारख्या बोलत होत्या आणि काकांचं 'हं' आलंच नाही. चाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. काकूंनी वळून पाहिलं तर काकांच्या हातातला कप खाली पडलेला, आणि तोंडून शब्द फुटेना. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं, पण स्कॅनमध्ये मानेतली डावी धमनी अरुंद झालेली दिसली. तिथून अजून कण सुटताहेत का, ते मी सांगायचं होतं. सुटत असले तर ऑपरेशन ताबडतोब, नाहीतर वेटिंग लिस्ट. पुढच्या खेपेला वाचा परत येईलच, असं कोणी सांगू शकत नव्हतं.

काकांना मी बजावलं, बोलायचं नाही, काही चघळायचं नाही. काकूंना काहीच सांगितलं नाही, ही चूक माझी. काकूंनी कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांपासून सुरुवात केली आणि स्लाऊला राहणाऱ्या जावयापर्यंत पोचल्या. काका तोंड मिटून, डोळे मिटून, दर वाक्याला 'हं'. प्रत्येक 'हं'बरोबर माझ्या कानात घरघर आणि स्क्रीनवर रेषेच्या वर-खाली डाग. मशीनने ते डागच कण समजून पाव तासात खुशाल सदतीस मोजले. माझं डोकं फिरलं. बोलू नका म्हटलं होतं ना, असं मी काकांना जरा जोरातच विचारलं.

"मी कुठे बोललो?" काका खरोखरच गोंधळले होते.

"चाळीस वर्षांत हे बोललेत कुठे?" काकूंनीही साक्ष दिली.

मी काकूंना बाहेर कॉरिडॉरमध्ये बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आता नुसतं रक्त ऐकू येत होतं. वीसेक मिनिटांनी स्वच्छ, बारीक शिट्टी वाजली. तासाभरात अशा तीन. माझे कान मशीनपेक्षा हुशार ठरले होते, पण आनंद काही झाला नाही. बाहेर काकू पर्स मांडीवर घेऊन गप्प बसल्या होत्या आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

दोन दिवसांत ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी दोघं पुन्हा तपासणीला आले. या वेळी काकूंनी आत बसण्याची परवानगी मागितली, ब्र काढणार नाही असं कबूल केलं आणि तासभर ओठ घट्ट मिटून बसल्या. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. एकही शिट्टी वाजली नाही.

पट्टा सोडत मी म्हटलं, "काकू, सगळं छान आहे. आता बोला तुम्ही."

काकूंचे डोळे भरून आले होते. तोंड उघडलं, पण शब्द येईना. काकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग कानशिलावरची जेली पुसत ते त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "हं?"