पुढची सीट

हिंगणघाटच्या हायवेवर एक मिस्त्री आहे. नाव मी विचारलं नाई. माह्या पोराच्या स्पोर्ट गाडीले तो उंची कमीजास्त होणारे स्प्रिंग लावून राह्यला होता. चाकाजवळ उकिडवा बसून स्प्रिंगची रिंग जराशी फिरवे, मंग गाडी दाबून तिचं डोलणं पाहे.

त्यानं पोराले स्टेअरिंगवर बसवलं. मले म्हणे, "रिकाम्या गाडीचं माप खोटं असते, बाबाजी. बाजूले कोण बसते?"

"याची माय बसे. मेली."

त्यानं फडक्यानं ती सीट पुसली. "मंग तुम्ही बसा. वजन पाह्यजे."

ती गेल्यावरही मी मागंच बसत होतो. आज पुढं बसलो. त्यानं रिंग फिरवली, गाडीवर हात ठेवला अन् म्हणे, "आता बसली."

गाडीचंच म्हणे तो. पण घरी येतानी मी मागं गेलो नाई.