“गाठीचं सांगितलंस ना?”

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. आज सांगतेय, पण ‘जाऊ दे गं, तुला काय ठाऊक होतं’ असलं काही ऐकून घ्यायला नाही — आधीच सांगून ठेवते.

ह्यांची कोलकात्याला बदली झाली, खिदिरपूरला क्वार्टर मिळालं आणि सांगलीहून सासूबाई राहायला आल्या. त्यांना मराठीखेरीज एक अक्षर येत नव्हतं. मी मात्र मासळीवाल्याशी बंगालीत भांडायचे! केवढी मिजास होती मला त्याची. बाजारात, देवळात, डॉक्टरकडे — आईंच्या वतीने बोलणार मीच.

त्या सकाळी त्यांचं पोट दुखायला लागलं, उलट्याही झाल्या. गॅस झालाय, म्हणून मी मोकळी झाले. इथे डोकं दुखलं तरी लोक गॅसच म्हणतात. ओवा दिला, बेंबीला हिंग लावला. मग आईंनी मला आतल्या खोलीत बोलावून जांघेतली गाठ दाखवली. एरवी आत जाते, आज जात नाही, म्हणाल्या. लाजल्या, पण दाखवली — हे लक्षात ठेवा.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी साडीवरूनच पोट दाबलं आणि मला विचारलं, कुठे गाठ, सूज वगैरे? मी बंगालीत म्हटलं — नाही.

का? पडदा अर्धवट होता, बाहेर बाकावर माणसं होती, लाज वाटली... छे! ही सगळी मागाहून शोधलेली कारणं. मी म्हटलेला गॅस मला खरा करायचा होता. बस्स.

रिक्षात आईंनी विचारलं, “गाठीचं सांगितलंस ना गं?”

“हो, सांगितलं. गॅसच आहे म्हणाले.”

डॉक्टरांना ठाऊक आहे म्हटल्यावर कशाला कुणाला त्रास द्यायचा? त्या निमूट कळा सोसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, तोवर गाठीत अडकलेलं आतडं सडलं होतं. आई वाचल्या नाहीत.

जुन्या बायका असलं लपवतात, असं सर्जन म्हणाले. तेच हे दर श्राद्धाला पाहुण्यांना ऐकवतात — “आमची आई भिडस्त. मरेपर्यंत बोलली नाही.” आणि मी खीर वाढता वाढता मान डोलावते. जीव गेला तो गेलाच, वर हा आळही मी त्यांच्यावर राहू दिला. कसलं माणूस मी?

उद्या श्राद्ध आहे. ह्यांनी ते वाक्य काढलं की मी सगळ्यांसमोर बोलणार आहे. मग संसार राहो न राहो. आईंनी काही लपवलं नव्हतं. त्यांनी वेळेवर सांगितलं होतं, स्वच्छ मराठीत, मला.