ढिले ठोकळे

गल्लीत तिला सगळे इंजिनीअरीणबाई म्हणत, तेही चेष्टेनंच. पन्नाशीची बाई दिवसभर शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करते आणि संध्याकाळी घरी येऊन प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत बसवत बसते म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? म्हणोत बापडे! तिच्या कपाटावर दोन आगगाड्या होत्या, एक दीपगृह होतं, आणि लेक लग्न होऊन जाईपर्यंत नवऱ्यासकट तिघांनी मिळून उभं केलेलं अख्खं बंदर होतं.

नवरा कारखान्यात लेथवर टर्नर. एके दिवशी त्याचा उजवा हात यंत्रात सापडला. बोटं वाचली, पण अंगठ्याची शीर दुखावली. सर्जन म्हणाले, "चिमटीत आपसूक जोर येऊ लागला तर उत्तम. नाहीतर तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन. त्यानंतर काही उपयोग नाही." आणि चिमूट नाही तर लेथ नाही, हे टर्नरला कोणी सांगायला नको होतं.

व्यायाम म्हणून तिनं ठोकळेच वाडग्यात घालून पुढं ठेवले. पहिल्या दिवशी त्याला दोन ठोकळे जोडता येईनात. एवढा धिप्पाड माणूस, टेबलावर डोकं टेकून रडला.

वर्षानुवर्षं जोडून-काढून काही ठोकळ्यांची पकड जाते. असे ढिले ठोकळे ती नेहमी वेगळे काढून ठेवायची. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या वाडग्यात तेच टाकले. बोट लावलं की बसत होते.

"अगं, बसला!" तो ओरडला.

तिचा आनंद पोटात माईना. चार दिवस हुरूप येऊ दे, मग चांगले ठोकळे देऊ, असं तिनं ठरवलं. पण चाराचे आठ झाले. त्यानं पूल बांधला, ट्रक बांधला. जेवताना हसू लागला. आता ते हसू हिरावून घ्यायचं कोणी? तिची जीभच रेटेना.

तिसऱ्या महिन्यात ती दोघं सर्जनकडे गेली. सर्जन म्हणाले, "मला जोर कमीच वाटतो. ऑपरेशन करून टाकू."

"छे हो! घरी मी ठोकळ्यांचा पूल बांधलाय," टर्नर म्हणाला. "विचारा हिला."

तिनं होकारार्थी मान डोलावली.

पुढच्या महिन्यात कारखान्यानं हाताची परीक्षा घेतली. साधा नट त्याच्या चिमटीत ठरला नाही. साहेबांनी त्याला फाटकावरच्या खुर्चीवर बसायचं काम दिलं.

घरी लेकीनं पाठवलेला ठोकळ्यांचा कोरा सेट येऊन पडला होता. त्यानं तो फोडला. दोन ठोकळे घेऊन तो बराच वेळ दाबत राहिला.

"हे खराब आलेत का गं? तुला यातलं कळतं."

'हो' म्हटलं असतं तर त्याला पटलंही असतं. तिनं ते हातात घेतले. टक्कन बसले.

"अहो, हे चांगले आहेत. आधीचे ढिले होते. मीच घालत होते."

तो ओरडला नाही.

"केव्हापासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

त्यानं उजवा हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतला.

"म्हणजे मी ऑपरेशनला नाही म्हणालो, तेव्हा तुला माहीत होतं."

"होतं," ती म्हणाली.