बरोबरी झाली तरच मधल्याचं मत

मनोहरराव ढोबळे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि तेही वाकलेलं. जागा भिलाईच्या रुआबांध्यातली शाळा, दिवस मतदानाचा. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. माझं ते पहिलंच मत होतं आणि मी ते न देताच निघायच्या बेतात होतो. रांग मोठी होती, आणि शाळेमागच्या मोकळ्या जागेत कोणीतरी ट्रक चालवायला शिकत होतं, ते मला बघायचं होतं. माझ्यापुढं थोड्या अंतरावर पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उभे होते. त्यांचा नंबर आला तसे ते खोलीच्या दारात थांबले, टाचा जुळवल्या, हात मांड्यांना लावले आणि कमरेतून वाकले. कोणाला, ते कळेना. आत तर टेबल, चार कर्मचारी आणि पुठ्ठ्याच्या आडोशाला ठेवलेली मशीन.

मागून एकजण म्हणाला, "अंकल, मंदिर उधर है."

सर वळले नाहीत. "मालूम है बेटा. वहाँ तो सब झुकते हैं."

ते बाहेर आले तेव्हा मी रांगेतून सटकत होतो. बायकांच्या रांगेतून आईनं आवाज दिला, "कुठं चालला रे?" मराठी ऐकून सर थांबले.

"मराठी हायेस? लाइन कावून सोडून राहिला?"

"येतो ना वापस, काका."

"वापस येणारा माणूस बोटाले शाई लावून जाते."

मी परत रांगेत लागलो. मत देऊन आलो तर सर फाटकाशी उभेच. त्यांनी माझं बोट पाहिलं आणि विचारलं, "पाय किती वर जाते तुझा?" मी दाखवायला गेलो आणि तोल जाऊन तिथंच खाली बसलो. सर हसले नाहीत. "उद्या सकाळी साडेपाच. रुआबांध्याचं ग्राउंड," म्हणाले आणि निघून गेले.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त इथलं मराठी मंडळ हा गौरवग्रंथ काढतंय. सरांच्या शिष्यांपैकी बहुतेकांचे लेख हिंदीत आलेत, कारण सरांचा तायक्वांदोचा क्लास सगळा हिंदीतच चालायचा. साहू, राव, नायर, मिश्रा, सगळ्या घरांतली मुलं होती. मराठीत लिहिणारा शिष्य शोधताना मंडळाला मी एकटाच सापडलो. माझं आयटीआय अर्धवट आहे आणि मराठी घरातलं, तेव्हा लिहिण्यात जे चुकेल ते माझं समजावं, सरांचं नव्हे.

सरांनी सगळी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये केली. तरुणपणी सुट्या जोडून ते नागपूरला जायचे आणि तिथल्या शिबिरात तायक्वांदो शिकायचे. पुढं हापकिदोही शिकले. कोरियाला मात्र ते कधी गेले नाहीत. जायची हौस होती का, असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "तिथं जाऊन मी काय सांगू, भिलाईहून आलो म्हणून?" मग जरा वेळानं, "सांगितलं असतं तसं."

कोरियन शैलींबद्दल सरांची मतं ठाम आहेत. तायक्वांदो पायांचा आहे, कारण पाय लांब पोचतो आणि माणूस जवळ यायच्या आधी त्याला विचार करायला वेळ देतो. हापकिदो उलट, तो जवळ आलेल्या माणसाचा. समोरच्याचा जोर अडवायचा नाही, त्याला वाट द्यायची आणि तो आपोआप आपल्या बाजूनं वळतो. पण सरांची आवडती गोष्ट वेगळीच होती. कोरियात आधी खूप आखाडे होते, प्रत्येकाचं नाव वेगळं, प्रत्येकाला वाटे आपलंच खरं. मग ते एकत्र बसले, चिठ्ठ्या टाकल्या आणि एक नाव ठरवलं. "जे लोक एका लाथेत वीट फोडत होते," सर म्हणायचे, "त्यांनी चिठ्ठ्या मोजल्या. हे ध्यानात ठेवा." ही गोष्ट किती खरी ते मला माहीत नाही. मी कुठं वाचलेली नाही, पण मी तसंही फार काही वाचलेलं नाही.

सरांनी आपला क्लास त्याच गोष्टीवर उभा केला. पट्टा पांढरा असो की काळा, प्रत्येकाला एक मत. उन्हाळ्यात किती वाजता यायचं, नवीन पॅड घ्यायचे की जुनेच शिवायचे, सगळं मतानं ठरे. फाइटचं हेल्मेट उलटं करून मध्ये ठेवत, त्यात चिठ्ठ्या पडत. मोजणी सगळ्यात नवीन पांढऱ्या पट्ट्यानं करायची आणि कोरियन आकड्यांत करायची. हाना, दुल, सेत, नेत, तासोत. त्यामुळं सगळ्यांचे आकडे पाठ व्हायचे, निदान दहापर्यंतचे.

सर स्वतः मत देत नसत. त्याचं कारणही त्यांनी खेळातूनच घेतलं होतं. जुन्या फाइटमध्ये गुण द्यायला कोपऱ्यांत पंच बसायचे आणि मध्ये रेफरी उभा असायचा. सर सांगत, मधल्यानं फक्त खेळ सांभाळायचा, निकाल कोपऱ्यांनी द्यायचा. बरोबरी झाली तरच मधल्याचं मत.

हा नियम त्यांनी आमच्या घरातही वापरलाय. मी हथखोजला एका वर्कशॉपमध्ये लागलो होतो आणि तिसऱ्या महिन्यात काम सोडून दिलं. मालक वाईट नव्हता. रोज तीच भिंत बघून कंटाळा आला, बस. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी सर घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, घरात मतं दोन. याले फिराचं हाये, तुम्हाले याले कामावर धाडाचं हाये. बरोबरी झाली. आता मधला मी."

आई म्हणाली, "तुम्ही त्याच्याच बाजूनं बोलान."

"दोन महिने फिरू द्या. तिसऱ्या महिन्यात मी त्याले कान धरून आणतो."

आईला तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. "कान सापडला पाहिजे ना तेवढ्यात."

दोन महिन्यांनी मी स्वतःच आलो. पण फिरण्याची चटक लागली ती लागलीच. कधी गोंदिया, कधी रायगढ, कधी नुसताच दुर्ग स्टेशनवर बसून गाड्या बघणं. सरांनी त्यावर कधी टोकलं नाही. कुठंही जा, मतदानाला ये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या त्या वर्षी मी परत आलो होतो. भेटायला गेलो, दोन तास बसलो. सर एकटेच बोलत होते, वांग्याचा भाव, नळाचं पाणी, शेजाऱ्याचा कुत्रा. काकूंचं नाव त्यात एकदाही नव्हतं. निघताना म्हणाले, "तू आला तर मराठी बाहेर निघाली. दहा दिवस आतच होती." त्यांची मुलगी पुण्याला असते, फोनवर बोलते. पण फोनवरचं बोलणं लवकर संपतं, हे मीही आईच्या फोनवरून शिकलोय.

आता त्या रविवाराबद्दल लिहितो. तुलेशभैयांना विचारून लिहितोय. तुलेश साहू हे सरांचे सगळ्यात जुने शिष्य. या ग्रंथासाठी मंडळाबरोबर धावपळ त्यांनीच केलीय, आणि त्यांनीच मला सांगितलं की हे लिहिलं नाही तर लेख खोटा होईल.

तुलेशभैयांचं म्हणणं असं होतं की आता स्पर्धा सेन्सरच्या जॅकेटवर होतात, लाथ बसली की गुण आपोआप पडद्यावर येतो. आपण मैदानात जुन्या पद्धतीनं शिकत राहिलो तर मुलांना मेडल मिळणार नाही, आणि मेडल नाही तर खेळाच्या कोट्यातली नोकरी नाही. शेजारच्या दुर्गला मोहन नगरमध्ये हॉल मिळत होता. सगळ्यांनी तिथं जायचं, सरांचा क्लास बंद करायचा. सरांना मान्य नव्हतं. त्यांनी ते उघड सांगितलं, "मशीन जोर मोजते, नियत नाही मोजत."

तुलेशभैया म्हणाले, "सर, वोट तो आप भी मशीन से ही देते हो."

सगळे हसले. सरही हसले. "मशीन वोट गिनती है, तुलेश. देता तो आदमी है." आणि मग, "ठीक है. संडे को वोटिंग."

आम्ही चोवीस जण होतो. मी सरांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, येतो म्हणून. सकाळी मोहन नगरला मावशीकडून तिची सायकल घेऊन निघालो, वेळेवर निघालो. दुर्ग स्टेशनसमोर एक ओळखीचा भेटला, वडील रेल्वेत, गोंदियाला लग्नाला निघाला होता. चल म्हणाला. मी सायकल स्टँडला लावली. गाडीत बसल्यावर आठवलं का? आठवलं होतं. मला वाटलं, तेवीस जण आहेत, माझ्या एका मतानं काय होणार. तीन दिवसांनी आलो.

जे झालं ते मला तुलेशभैयांनी सांगितलं. हेल्मेटमध्ये तेवीस चिठ्ठ्या पडल्या. मोजायला एक नवीन मुलगी होती, महिनाभरापूर्वीच आलेली. राहण्याच्या चिठ्ठ्या ती मोजत गेली आणि 'योल' म्हणजे दहावर अडली, कारण त्यापुढचं तिला शिकवलंच नव्हतं. सरांनी सांगितलं, "योल-हाना." अकरा. मग ती जायच्या चिठ्ठ्या मोजायला लागली. पुन्हा दहा, पुन्हा सरांनी सांगितलं, "योल-हाना." हेल्मेटच्या तळाशी एक चिठ्ठी न उघडलेली राहून गेली होती. मुलीनं ती उघडली आणि सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "योल-दुल. बोल बेटा. योल-दुल."

बारा-अकरा. मी असतो तर बारा-बारा. आणि बरोबरी झाली तरच मधल्याचं मत.

जे अकरा राहायच्या बाजूनं होते ते म्हणाले, सर, आम्ही तुमच्याकडंच येऊ. सरांनी त्यांना साफ नकार दिला. हरलेल्यांनी वेगळा आखाडा काढायचा असेल तर मत कशाला घेतलं, म्हणाले. रजिस्टरमध्ये निकाल लिहिला, खाली सही केली, आणि तेवीस जणांना मोहन नगरला पाठवून दिलं. उद्घाटनाला स्वतः गेले. हॉलच्या दारात टाचा जुळवून वाकले, तासभर बसले, कोणाला नाव ठेवलं नाही. तुलेशभैयांनी पुष्कळदा बोलावलं, पण शिकवायला गेले नाहीत. ते मशीन मला येत नाही, एवढंच म्हणाले.

मी गोंदियाहून आल्यावर सकाळी ग्राउंडवर गेलो. सर तिथं होते. समोर कोणी नव्हतं. त्यांनी मोठ्यानं "चार्योत" म्हटलं, म्हणजे सावधान, आणि स्वतःच सावधान झाले. "क्युंग्ने" म्हटलं आणि रिकाम्या मैदानाला वाकले. मग आकडे म्हणत लाथा मारायला लागले. दहा झाले की पुन्हा हाना. मी भिंतीपाशीच थांबलो. पुढं जायला पाहिजे होतं, गेलो नाही. त्या दिवशी मी रायगढची गाडी पकडली.

सरांनी मला कधीच विचारलं नाही, कुठं होतास. मी बऱ्याच महिन्यांनी आपणहून बोललो, "सर, त्या रविवारी मी..."

"बारा-अकरा," सर म्हणाले. "न आलेल्याची चिठ्ठी मोजत नाहीत."

"बरोबरी झाली असती तर तुम्ही काय टाकलं असतं?"

"झाली नाही ना. मंग ते मत हायेच कुठं?" आणि चहा ठेवायला आत गेले.

सरांनी रजिस्टरमध्ये त्या निकालाखाली एक ओळ लिहून ठेवलीय, ती मला या लेखासाठी तुलेशभैयांनी दाखवली. "हा निर्णय पाच वर्षांसाठी." सरकारही त्याहून जास्त मागत नाही, असं सरांनी त्यावर तेव्हा सांगितलं होतं म्हणे. ती पाच वर्षं यंदा पूर्ण होताहेत. पंचाहत्तरीच्या सत्कारानंतरच्या रविवारी, रुआबांध्याच्या ग्राउंडवर, तुलेशभैयांनी सगळ्यांना बोलावलंय. मैदानातला क्लास पुन्हा सुरू करायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे. तुलेशभैया स्वतः कोणत्या बाजूनं आहेत ते त्यांनी सांगितलेलं नाही. मुलांना मेडल मिळालीत, दोघांना नोकऱ्याही लागल्यात. कोण कुठं चिठ्ठी टाकेल, सांगता येत नाही.

मागच्या आठवड्यात मी सरांकडं गेलो. गुडघा दुखतो त्यांचा आता, उजवा, पण सकाळ चुकत नाही. मी म्हटलं, "सर, या टायमाले मी पक्का येतो. अन् माझं मत..."

सरांनी तळहात पुढं धरला, लाथ अडवताना धरतात तसा.

"नको सांगू मले."

"सर, एवढं तरी..."

"तुझ्या काकूलेबी मी कधी सांगू दिलं नाही. चाळीस वर्षं एका घरात राहिलो." मग म्हणाले, "सांगितलं तर मी तुझी चिठ्ठी मोजत बसीन मनात. रातभर. ते नको."

मला त्यांना बरं वाटेल असं काहीतरी द्यायचं होतं, आणि माझ्याकडं तेवढंच होतं. ते त्यांनी घेतलं नाही. आम्ही चहा प्यायलो. सर वांग्याच्या भावाबद्दल बोलले.

तेव्हा इथं फक्त शुभेच्छा देतो, मत देत नाही. सरांचा गुडघा बरा राहो, छातीत दम राहो, आणि त्यांना अजून पुष्कळ वर्षं पुष्कळ लोकांत उभं राहायला मिळो. जे त्यांच्याकडून एक आकडा जरी शिकलेत, त्यांनी त्या रविवारी यावं. हवी ती चिठ्ठी टाकावी, पण यावं. मी शनिवारी संध्याकाळीच आईकडं येऊन राहतोय. तिला सांगितलंय, सकाळी मला ग्राउंडच्या दारापर्यंत स्वतः सोड, आणि मी आत जाईपर्यंत हलू नको.