एक बोट जागा

दुपारचे तीन वाजलेत, पण उन्हात काही दम नाही. वृंदा तंबूच्या दारात दुर्बीण मांडीवर ठेवून बसल्या बसल्या पेंगते आहे. लडाखमधल्या या सरोवराच्या काठाला बर्फ धरू लागलं आहे. पट्टकादंब हंसांचे थवे केव्हाच दक्षिणेकडे गेले, दोनच पक्षी मागे उरलेत. एकाच्या गळ्यात जुलैत वृंदानेच बसवलेली पिवळी नंबरपट्टी आहे. दुसरा त्याचा जोडीदार, तो त्याला सोडून हलत नाही.

हे दोघे का थांबलेत यावर काल जेवताना सगळ्यांनी अकलेचे तारे तोडले. वृंदाने मात्र मिठाची गुळणी धरली होती. तिला कारण ठाऊक आहे, आणि उद्या सकाळी पक्षी-अभ्यासकांची सगळी तुकडी खाली लेहला निघणार आहे.

डोळा लागतो न लागतो तोच पाण्यावरून तुळशीरामकाका चालत येतात. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय उघडे.

"काका, थंडी वाजेल."

"आता कशाची थंडी, पोरी?"

काकांना वारून वर्ष झालं, हे वृंदाला स्वप्नातही पक्कं आठवतं. गोदावरीच्या धरणावर मासे धरता धरता म्हातारा अभ्यासकांसाठी पाखरं धरू लागला. शेकडो त्याच्या हातांतून गेली, पण एकाचं पीस मोडलं नाही. वृंदाला पक्षी हातात घ्यायला त्यानेच शिकवलं.

ती त्यांच्या शेजारी बसते. खाली आता वाळू नाही, धरणाकाठचा काळा चिखल आहे. पट्टीवाला हंस काकांच्या मांडीवर मान टाकून पडलाय आणि चुलीवर भाकरी करपतेय. भाकरीकडे कुणाचंच लक्ष नाही.

"पट्टी बसवताना काय बघितलंस?"

"मान आणि पट्टी यांच्यामध्ये एक बोट जागा. तुम्हीच सांगितलं होतं."

"कुणाचं बोट?"

वृंदा आपल्या हाताकडे बघते. भेंडीसारखी बारीक बोटं. काकांची बोटं जन्मभर जाळी ओढून फुगलेली, तिच्या दोन बोटांएवढं त्यांचं एक.

"मला ऑगस्टमध्येच कळलं, काका. घास गिळताना तो मान झटकत होता, लांब उडण्याइतकं खाणं पोटात जातच नव्हतं. मी बोलले नाही. माझं नाव खराब झालं असतं."

"नाव तुझं. गळा त्याचा."

काका चिडलेत. जिवंतपणी ते तिच्यावर कधी चिडले नव्हते. तिला रडू येतं, त्याचीही ते दखल घेत नाहीत. तिचं बोट ओढून ते चिखलात बुडवतात, वर आणखी एक थर लिंपतात, मग आणखी एक.

"हे बघ, एवढं. म्या सांगितलं ते हे बोट व्हतं."

"आता कसा धरू त्याला? पाण्यातून बाहेरच येत नाही."

"काठ गोठला की पाणी आवळतं. चार दिसांत डबक्याएवढं उरंल, तवा हाताला लागंल. पर थांबाया लागंल."

"तुम्ही याल ना?"

काका हंसाला पाण्यात सोडतात. त्यांच्या पाठीवर बर्फाची कणी धरलेली आहे. ते वळून बघत नाहीत.

"वृंदा, सामान भरलंस का गं?" बाहेरून खानविलकर मॅडमची हाक येते. तुकडीच्या प्रमुख त्याच.

वृंदा दचकून जागी होते. उजव्या हाताचं पहिलं बोट जड झालंय. मुळापर्यंत काळा चिखल, वाळून घट्ट झालेला. वाकवताना त्याला बारीक तडे जातात, पण तो गळून पडत नाही. इथे नजर पोहोचेल तिथवर पांढरी वाळू आणि मीठ आहे. असली माती या मुलखात नाही.

ती हात धूत नाही, तशीच उठून बाहेर येते.

"मॅडम, तो हंस माझ्यामुळे अडकलाय. पट्टी घट्ट बसलीय, आणि हे मला ऑगस्टपासून माहीत आहे. तुम्ही निघा, मी थांबते." ती बोट पुढे धरते. "एवढी जागा सोडायची होती."