रत्नाकर अण्णा आणि चेपलेले चार दरवाजे

रत्नाकर अण्णांना लग्नाला बोलावणं ही एक जोखीमच. अक्षता हातात घेऊन माणूस मांडवात शिरायचा आणि मंगलाष्टकं सुरू झाली की बाहेर गाड्यांच्या रांगेत सापडायचा. कुणाच्या तरी गाडीला पोचा दिसलेला असायचा. मग डोळे मिटून डावा तळवा पत्र्यावरून फिरवायचा, मडगार्डखालून हात घालायचा, की टक्! पोचा गायब. गाडीच्या मालकाला पत्ताच नाही. पोटच्या पोरीच्या, सुखदाच्या लग्नातसुद्धा कन्यादानाला बाप मिळेना. मिळाला तो व्याह्यांच्या गाडीखाली, कोपरापर्यंत काळा झालेला.

त्यांचाही इलाज नव्हता. छत्तीस वर्षं त्यांनी विमानांच्या सरकारी कारखान्यात पत्रा ठोकला होता, आणि विमानाच्या अंगावर पोचा म्हणजे महापाप. निवृत्त झाल्यावर त्यांनी के. आर. पुरममधल्या घरामागे शेड टाकली आणि गाड्यांचे पोचे काढायला सुरुवात केली. गाडीच्या सौंदर्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. पुढच्या दिव्यापासून निघालेली रेघ दोन्ही दरवाजांवरून वाहत जाऊन मागच्या दिव्यात विसावली पाहिजे. हल्लीचे डिझायनर दारावर एवढ्या घड्या घालतात, की गाडी आहे की दोरीवरून काढलेली चादर तेच कळत नाही, असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. गिऱ्हाईक बिचारं ऐकून घेई. असा हात दुसरीकडे मिळत नव्हता ना!

एका मंगळवारी प्रांजली टेम्पो घेऊन आली. ही मूळची पुण्याची, एचएसआर लेआउटमध्ये राहणारी चित्रकार. मराठी मंडळात ओळख झालेली. टेम्पोत गाड्यांचे चार दरवाजे होते, चार रंगांचे आणि भयंकर चेपलेले.

"काका, हे मला गॅलरीच्या भिंतीवर लावायचेत. शनिवारी माझ्या पहिल्या शोचं ओपनिंग आहे. मागून फक्त कड्या जोडून द्या. पुढून अजिबात हात लावू नका, प्लीज. आहेत तसेच हवेत."

"सरी, सरी," अण्णा सवयीने कानडीत 'बरं, बरं' म्हणाले आणि ती गेल्यावर आत येऊन बायकोला सांगू लागले, "भिडस्त आहे गं पोर. आपल्याला त्रास नको म्हणून 'आहेत तसेच हवेत' म्हणते."

"अहो, तिला खरंच तसेच हवे असतील," विद्याताई म्हणाल्या.

"काहीतरीच काय! पंगतीत 'पुरे' म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी वाढायची असते, त्याचं ऐकायचं नसतं."

आणि अण्णांनी वाढली जिलबी. तीन दिवस आतून ठोकळा धरून बाहेरून हातोडी चालवली, उरल्यासुरल्या खळग्यांत लांबी भरली, घासली आणि चारही दरवाजांना पांढराशुभ्र रंग मारला. दरवाजे असे झाले की त्यात बघून भांग पाडावा.

शुक्रवारी सकाळी प्रांजलीने ते पाहिले आणि ती शेडमध्ये फतकल मारून रडायलाच लागली. अण्णांना वाटलं, आनंदाश्रू. ते म्हणाले, "राहू दे, राहू दे, आभार कसले!"

मग तिने हुंदके देत सांगितलं. दोन वर्षं ती भंगारवाल्यांकडे हिंडली होती. एका दरवाजाचा पोचा जिथे संपतो तिथून दुसऱ्याचा सुरू होईल, असे चार दरवाजे तिने शोधून काढले होते. कंपनीने काढलेल्या रेघेवर शहराने काढलेली दुसरी रेघ, चारही दरवाजांवरून वाहत जाणारी. तेच तिचं चित्र होतं. "रंग मरू दे, काका," ती म्हणाली, "माझी रेघ गेली."

अण्णांचा चेहरा पडला. आग्रहाने कुणाचं पोट बिघडवावं तसं झालं होतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. पण तळव्याला प्रत्येक पोचा पाठ होता. त्यांनी खडू घेतला आणि डोळे मिटून चारही दरवाजांवर एकूण एक पोचा आखून दिला. मग हातोडी उचलली. ती पत्र्याच्या वीतभर वर येऊन थांबली. पुन्हा उचलली, पुन्हा थांबली. छत्तीस वर्षांचा हात चांगल्या पत्र्यावर पडेचना.

"सरका बाजूला," विद्याताई म्हणाल्या. त्या स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आल्या होत्या.

पहिला घाव पडला. "हा सुखदाच्या कन्यादानाचा!" दुसरा पडला. "हा म्हैसूरच्या सहलीचा! राजवाडा बघायला गेलो आणि चार तास गॅरेजात बसलो!" तिसरा. "हा माझ्या तव्याचा! सरळ करतो म्हणून ठोकून ठोकून त्याचा पापड केलात!" खडूच्या खुणा संपत चालल्या, पण तक्रारींना खळ नव्हता. अण्णा "अगं, स्वल्प हळू" म्हणत होते, प्रांजली रडणं विसरून "काकू, इथे अजून खोल" म्हणत होती. शेवटची एकच खूण उरली तेव्हा विद्याताईंनी वरवंटा नवऱ्याच्या हातात दिला.

"हा तुमचा. माझ्या तक्रारी संपलेल्या नाहीत, पण खांदा भरून आला."

अण्णा वरवंटा धरून बराच वेळ उभे राहिले. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मग त्यांनी एकदाचा घाव घातला.

प्रांजलीने डोळे मिटून पहिल्या दरवाजापासून शेवटच्यापर्यंत हात फिरवला. दोघं नवरा-बायको निकालाला उभी राहावीत तशी उभी.

"ही माझी रेघ नाही, काका," ती म्हणाली. अण्णांनी मान खाली घातली. "पण वाहतेय. माझ्यापेक्षा जोरात वाहतेय. हीच लावते."

शनिवारी गॅलरीत त्या दरवाजांपुढे गर्दी झाली. एक दाढीवाले गृहस्थ त्यात महानगराचा आक्रोश आहे असं सगळ्यांना समजावत होते. अण्णा मात्र एकेका पोच्यापुढे थांबत पुढे सरकत होते. हे कन्यादान, हे म्हैसूर, हा तवा. चार दरवाजे भरतील एवढं आपण हिला दुखवलं आणि हिने एवढी वर्षं अवाक्षर काढलं नाही, हे त्यांना तिथे भिंतीवर दिसलं.

शेवटच्या दरवाजाशी विद्याताई येऊन उभ्या राहिल्या. "एवढा विचार करून घातलात तो. कशाचा हा?"

"तुझ्याबद्दल एखादी तक्रार आठवत होतो," अण्णा म्हणाले. "सापडेचना. म्हणून तो असा उथळ आलाय."

"पुरे झाली लाडीगोडी," विद्याताई म्हणाल्या. पण त्यानंतर सगळं प्रदर्शन बघायचं सोडून त्या तिथेच, त्या एका पोच्यापुढे, गॅलरी बंद होईपर्यंत उभ्या होत्या.